कचऱ्याच्या गाडीमागे निघालेली बाई

१८९५ सालची गोष्ट. शिकागो शहराच्या एकोणिसाव्या वॉर्डात सकाळी सहा वाजता कचऱ्याच्या घोडागाड्या निघायच्या, तेव्हा एक चौतीस वर्षांची बाई रस्त्यावर हजर असायची. गाडी कोणत्या गल्लीत शिरली, कोणती गल्ली टाळली, भरलेली गाडी कचरा टाकायच्या जागेपर्यंत खरोखर गेली की नाही, हे ती गाडीमागे जाऊन पाहायची. बाई सधन घरातली, कॉलेज शिकलेली, दोनदा युरोप फिरून आलेली. सुरुवातीला धक्का बसला तो वस्तीतल्या, परदेशातून आलेल्या बायकांनाच. हे पुरुषांचे काम, बाईमाणसाने यात कशाला पडावे, असे त्यांना वाटले.

ती बाई म्हणजे जेन ॲडम्स. समाजकार्य किंवा समाजशास्त्र शिकलेल्यांनी हे नाव ऐकलेले असते, पण परीक्षेपुरते. मी एम.ए. करत होते तेव्हा माझ्या वहीत त्यांच्यावर चार ओळी होत्या. हल हाउसच्या संस्थापक, शांततेचे नोबेल, जन्म, मृत्यू, संपले. पुढे वस्त्यांमध्ये काम करायला लागले, आपण लोकांसाठी काय करतोय आणि लोकांसोबत काय करतोय यातला फरक रोज टोचायला लागला, तेव्हा त्यांचे पुस्तक पुन्हा उघडले.

आपल्यासाठी त्यांच्याकडे वळण्याचे आणखी एक कारण आहे. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली शिकले, ज्यांचे ऋण त्यांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये उघडपणे मान्य केले, ते प्राध्यापक जॉन ड्युई न्यूयॉर्कला येण्यापूर्वी १८९४ ते १९०४ अशी दहा वर्षे शिकागोत होते. त्या काळात ते हल हाउसमध्ये वरचेवर जात, तिथे व्याख्याने देत, त्या संस्थेचे विश्वस्तही होते. त्यांनी आपल्या मुलीचे नाव जेन ठेवले ते ॲडम्स यांच्यावरूनच. लोकशाही ही नुसती सरकार चालवण्याची पद्धत नाही, ती माणसांनी एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार आपण ड्युईंकडून बाबासाहेबांपर्यंत आलेला म्हणून ओळखतो. तो विचार घडत असताना ड्युई ज्या वॉर्डात जाऊन बसत होते, तो वॉर्ड कसा होता हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

जेनचा जन्म ६ सप्टेंबर १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सीडरव्हिल या लहान गावातला. वडील गिरणीमालक, बँकेचे मालक, राज्याच्या सिनेटचे सदस्य आणि अब्राहम लिंकन यांचे स्नेही. ती दोन वर्षांची असताना आई गेली. लहानपणी मणक्याच्या क्षयाने पाठ वाकली आणि आपण कुरूप आहोत ही समजूत बरीच वर्षे तिच्या मनात बसली. १८८१ मध्ये शिक्षण संपले, त्याच वर्षी वडील वारले. डॉक्टर व्हायचे म्हणून ती फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेली, पण पाठीच्या दुखण्याने ते शिक्षण सुटले. मग श्रीमंत घरातल्या शिकलेल्या मुली तेव्हा जे करत तेच तिने केले. युरोप बघायला गेली.

१८८३ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये शनिवारी रात्री उशिरा तिने एक लिलाव पाहिला. रविवारी विकता न येणारा, सडायला आलेला भाजीपाला पैशा-दोन पैशांना पुकारला जात होता आणि गाडीभोवती जमलेल्या माणसांचे हात वर झाले होते. एकाच्या वाट्याला कोबी आला, तो त्याने तिथेच बसून न धुता, न शिजवता खाल्ला. ते वर झालेले रिकामे हात तिच्या डोळ्यांपुढून कधी गेले नाहीत. तरी लगेच काही घडले नाही. पुढची पाच वर्षे ती नुसती अस्वस्थ राहिली. ही पाच वर्षे मला महत्त्वाची वाटतात, कारण आपल्याकडच्या चरित्रांत माणसाला दृश्य दिसते आणि दुसऱ्या दिवशी तो क्रांती करायला निघतो. इथे तसे नाही. १८८८ मध्ये ती पुन्हा लंडनला गेली, तेव्हा व्हाइटचॅपलमधला टॉयन्बी हॉल पाहिला. विद्यापीठातले तरुण तिथे गरीब वस्तीत येऊन राहत होते. राहायला येणे, हा शब्द तिने उचलला.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स आणि त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार या दोघी शिकागोच्या हॅल्स्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात राहायला आल्या. चार्ल्स हल नावाच्या माणसाने १८५६ मध्ये बांधलेले हे घर, म्हणून हल हाउस. शहराची लोकसंख्या दहा लाखांवर पोचली होती आणि त्यातले बहुतेक लोक एक तर परदेशात जन्मलेले किंवा परदेशातून आलेल्यांची मुले. घराच्या आजूबाजूला इटालियन, ग्रीक, जर्मन, आयरिश, बोहेमियन, रशिया-पोलंडमधून आलेले ज्यू. लाकडी घरे, एकेका खोलीत एकेक कुटुंब, बऱ्याच घरांना गटाराची जोडणी नाही. घरातच कोंदट खोलीत बसून कपडे शिवायचे, तुकड्यावर पैसे घ्यायचे.

सुरुवातीला या दोघींनी काय दिले? चित्रांची प्रदर्शने, कादंबरीचे वाचन. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे काय मागितले? कामावर जाताना मूल सांभाळा. आजारी माणसापाशी बसा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला अंघोळ घाला. मेलेल्या माणसाची तयारी करून द्या. त्यातून बालवाडी आणि पाळणाघर निघाले. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या एका मुलीच्या बाळंतपणाला शेजारणी जायला तयार नव्हत्या, तेव्हा जेन आणि त्यांची सहकारी ज्युलिया लॅथ्रॉप या दोघींनीच ते बाळंतपण केले. दोघींनाही त्यातले काही येत नव्हते.

पहिल्याच नाताळात वस्तीतल्या काही लहान मुलींनी हातात दिलेली मिठाई घेतली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मिठाईतच उभ्या होत्या, त्यांना ती डोळ्यांसमोर नको झाली होती. त्याच थंडीत हल हाउसमध्ये येणारी तीन मुले शेजारच्या कारखान्यात एकाच यंत्रावर जखमी झाली. थोड्या डॉलरांचे संरक्षक कवच लावले असते तर टळले असते. त्यातला एक मुलगा मेला. मालकांना आपल्याइतकाच धक्का बसेल आणि ते पुन्हा असे होऊ देणार नाहीत, असे जेन यांना वाटले होते. मालकांनी काहीच केले नाही. नुकसानभरपाई मागणार नाही असे आईबापांनी कामाला लावतानाच लिहून दिलेले होते.

इथून त्यांचे काम घराबाहेर पडले.

फ्लॉरेन्स केली नावाची एक जिद्दी बाई १८९१ च्या अखेरीस हल हाउसमध्ये राहायला आली. केंद्र सरकारला मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांची पाहणी करायची होती. शिकागोतले काम केली यांच्याकडे आले. १८९३ मध्ये हल हाउसच्या पूर्वेकडचा सुमारे एक तृतीयांश चौरस मैलाचा भाग घर ना घर फिरून नोंदवला गेला. कोण कुठून आले, आठवड्याला घरात किती डॉलर येतात. मग त्याचे दोन रंगीत नकाशे केले, एक राष्ट्रीयत्वाचा, एक मजुरीचा. अठरा राष्ट्रीयत्वे निघाली. १८९५ मध्ये हे सगळे ‘हल हाउस मॅप्स अँड पेपर्स’ या पुस्तकात छापले.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. शहराचा नकाशा काढून समाज वाचण्याची पद्धत शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या नावावर १९२० च्या दशकातली म्हणून शिकवली जाते. हल हाउसच्या बायकांनी ती त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी वापरली होती, आणि ज्या रस्त्यांचा नकाशा काढला त्या रस्त्यांवर त्या स्वतः राहत होत्या. आपल्या वस्त्यांत आजवर किती पाहण्या झाल्या याची मोजदाद नाही. कुणीतरी येते, किती माणसे, संडास आहे का, उत्पन्न किती, लिहून घेते आणि जाते. तो कागद परत वस्तीत येत नाही. केलीबाईंनी कागद धरून ठेवला. १८९३ मध्येच इलिनॉयमध्ये कारखाना कायदा झाला, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी आली, बायकांसाठी आठ तासांचा दिवस ठरला आणि मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून केली यांचीच नेमणूक झाली. आठ तासांचे कलम १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तरी निरीक्षक राहिले.

आता कचऱ्याकडे येते. वस्तीत रस्त्याच्या कडेला मोठ्या लाकडी पेट्या ठोकलेल्या होत्या. फळवाल्यांचा सडका माल, चिंध्या, राख, सगळे त्यात. पेट्या भरून वाहायच्या आणि चालायला लागलेले मूल पहिल्यांदा कशावर चढायला शिकायचे, तर या पेटीवर. हल हाउसच्या महिला मंडळातल्या शेजारणींनी उन्हाळ्यात गल्ल्या वाटून घेतल्या आणि ऑगस्ट-सप्टेंबर या दोन महिन्यांत आरोग्य खात्याकडे खात्री केलेल्या १०३७ तक्रारी पाठवल्या. दिवसभर कामाने मोडलेल्या या बायका संध्याकाळी गल्लीबोळांत फिरून कचऱ्याच्या पेट्या तपासत होत्या. निरीक्षकांच्या बदल्या झाल्या. कचरा तसाच राहिला.

तेव्हा जेन ॲडम्स यांनी वॉर्डाचा कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठी स्वतःच निविदा भरली. ती तांत्रिक कारणावरून फेटाळली गेली, पण गाजावाजा इतका झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाचा कचरा निरीक्षक नेमले, वर्षाला हजार डॉलर पगारावर. कंत्राटदाराच्या नऊ गाड्या होत्या, त्यांनी भांडून तेरा करायला लावल्या, मग सतरा. एका अरुंद गल्लीत खणता खणता अठरा इंच कचऱ्याखाली फरसबंदी रस्ता सापडला. तिथल्या इटालियन रहिवाशांना त्याचे फारसे नवल वाटले नाही. जमिनीखालून शहरे उकरून काढलेली त्यांनी मायदेशी पाहिलेलीच असणार, अशी चेष्टा जेन यांनी पुढे आत्मचरित्रात केली आहे. मृत्यूदरात हा वॉर्ड शहरात तिसरा होता, तो सातव्या क्रमांकावर आला. काही महिन्यांनी हे पद हल हाउसच्याच अमांडा जॉन्सन यांच्याकडे गेले.

याच आत्मचरित्रात त्यांनी एक कबुली दिली आहे. त्यांच्या बहिणीचा अशक्त मुलगा त्यांच्याकडे सोपवलेला होता आणि त्या दुर्गंधीत त्याला हल हाउसमध्ये ठेवणे शक्य नव्हते, म्हणून त्याला बोर्डिंगच्या शाळेत घालावे लागले. शेजारच्या घरांतली तितकीच अशक्त मुले बोर्डिंगला न जाता मरून गेली, तेव्हा आपण इतके का हललो नव्हतो, याची लाज त्यांना वाटली. समाजकार्य करणाऱ्यांत असे लिहिणारे मी फार पाहिलेले नाहीत.

आपल्याला इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. जेन ॲडम्स कचऱ्याच्या गाडीमागे गेल्या त्या निरीक्षक म्हणून, आणि ते त्यांनी निवडले होते. गाडीवरचा माणूस वेगळा होता. आपल्याकडे तर कचरा आणि मैला कुणी उचलायचा हे जन्माने ठरवले गेले. त्यामुळे त्यांचे कौतुक करताना माझा हात थोडा आखडतो. तरी वरच्या थरातल्या माणसाने कचऱ्याला पालिकेचा, कंत्राटाचा आणि पैशांचा प्रश्न म्हणून हात घालणे, त्याला कुणाच्या अस्वच्छ सवयींचा प्रश्न न करणे, हे तेव्हाही क्वचित होते आणि आजही आहे.

वॉर्डाचा नगरसेवक होता जॉनी पॉवर्स. नाताळात घरोघरी टर्की वाटणारा, लग्नाला भेट आणि मयताला गाडी पाठवणारा, पोराला पोलिसांकडून सोडवणारा. वॉर्डातल्या पाच मतदारांपैकी एकाची नोकरी त्याच्या मर्जीवर होती. हल हाउसने त्याच्याविरुद्ध उमेदवार उभे केले, १८९८ मध्ये जोरदार मोहीम केली, आणि हरले. या लढतीबद्दल जेन यांनी जे लिहिले ते मला त्यांच्या विजयांपेक्षा मोलाचे वाटते. लोक अडाणी आहेत, विकले गेले आहेत, असे त्यांनी लिहिले नाही. गरिबाला अडचणीच्या वेळी दारात उभा राहणारा माणूस चांगला वाटतो, आणि पॉवर्स दारात उभा राहतो. सुधारक मात्र कागद घेऊन येतात, असे त्यांनी मांडले.

हे शहाणपण त्यांना शेजाऱ्यांनीच शिकवले होते. एक नवजात मूल पाळणाघरात सोडून दिलेले सापडले. काही आठवडे जगले आणि गेले. सरकारी खर्चाने पुरावे असे हल हाउसमध्ये ठरले, अकरा वाजता गाडी यायची होती. नऊच्या सुमाराला बातमी फुटली आणि शेजारणी धावत आल्या. बेवारशासारखे मूल सरकारच्या गाडीत द्यायचे? त्यांनी आपापल्या पदरचे पैसे गोळा केले. हल हाउसच्या शिकलेल्या बायकांचे म्हणणे होते की मूल जिवंत असताना आपण हवे ते सगळे केले, आता खर्च कशाला. शेजारणींना ते कळेना. पॉवर्सला मात्र हे आधीपासून कळत होते.

स्वयंपाकघराचीही तशीच फजिती. स्वस्त आणि पौष्टिक अन्न मिळावे म्हणून एका सहकारी बाईला बोस्टनला शास्त्रीय पाककला शिकायला पाठवले, मोजूनमापून सूप आणि शिजवलेले मांस देणारे सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. वस्तीने ते खाल्ले नाही. पौष्टिक असेल, पण आम्हाला आमच्या आवडीचे खायचे आहे, असे एका बाईने सरळ सांगितले. त्याच जागी कॉफी हाउस चालले, कारण तिथे बसता येत होते.

मुलांच्या मैदानाची गोष्ट तर अजून विचार करायला लावते. शेजारी अतिशय वाईट अवस्थेतली भाड्याची घरे होती. त्यांच्या मालकाची जाहीर नाचक्की झाल्यावर त्याने ती जागाच हल हाउसला वापरायला दिली. घरे पाडून तिथे मैदान केले, शिकागोतल्या पहिल्या सार्वजनिक क्रीडांगणांपैकी एक. पण काही भाडेकरू निघायला तयार नव्हते, त्यांना कायद्याने बाहेर काढावे लागले. बऱ्याच वर्षांनी त्यांच्यातला एक म्हातारा इटालियन कारागीर जेन यांना रस्त्यात भेटला. घोड्यांचे साज बनवायचा. त्या जागेसारखा धंदा पुन्हा कुठे जमला नाही आणि इतके मायदेशासारखे कुठे वाटले नाही, अशी खंत त्याने बोलून दाखवली. जेन यांनी ही गोष्ट लपवली नाही, पुस्तकात घातली. पुनर्विकासाच्या नावाखाली घर सोडलेल्या कुठल्याही माणसाशी बोलून पाहा, तो हेच सांगतो.

१८९४ मध्ये पुलमनचा संप झाला. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी कामगारांसाठी शिकागोजवळ आखीव नगर बांधले होते. विटांची घरे, बागा, ग्रंथालय, नाट्यगृह. मंदीत त्यांनी मजुरी कापली आणि घरभाडे तसेच ठेवले. जेन ॲडम्स मध्यस्थीसाठी गेल्या, पुलमन यांनी चर्चेलाच नकार दिला. त्यावर त्यांनी भाषण लिहिले, त्यात पुलमनची तुलना शेक्सपिअरच्या लिअर राजाशी केली. मुलींना सर्व काही देणारा आणि त्यांचे ऐकून न घेणारा बाप. मासिकांनी ते छापायला नकार दिला, ते छापून यायला १९१२ साल उजाडले. त्यातला मुद्दा आपल्या प्रत्येक गृहनिर्माण योजनेला लागू पडतो. सुंदर नगर बांधले, पण ते कसे असावे हे तिथे राहणाऱ्यांना विचारले नाही.

त्याच शरद ऋतूत शिकागोत नुकतेच आलेले ड्युई आणि जेन यांचा वाद झाला. समाजात वैर मुळात अटळ नसते, माणसे आपला अहंकार त्यात मिसळतात म्हणून ते उभे राहते, असे जेन यांचे म्हणणे. ड्युई आधी पटवून घेईनात, पण नंतर त्यांनी पत्नीला पत्रात कळवले की आपलेच चुकत होते. इथे मला दोघांशीही भांडावेसे वाटते. महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये जे घडले ते अहंकाराचे भांडण नव्हते. ड्युईंचे शिष्य असूनही बाबासाहेब इथे गुरूच्या पुढे गेले. एकत्र जगण्याची रीत त्यांना हवीच होती, पण ती मिळवायला संघर्ष करावा लागतो हे त्यांना शिकागोच्या दिवाणखान्यातून नव्हे, स्वतःच्या आयुष्यातून माहीत होते.

आणि याच ठिकाणी हल हाउसची कमजोर बाजूही दिसते. १८९३ च्या त्या नकाशाकडे पुन्हा पाहा. पाहणी केलेल्या भागात नदीच्या पश्चिमेला, म्हणजे हल हाउसच्या बाजूला, फक्त दोन कृष्णवर्णीय माणसे सापडली. बाकीचे नदीपलीकडे दोन रस्त्यांवर दाटीवाटीने कोंबलेले. नकाशाने रेषा दाखवली. ती रेषा कुणी आखली हा प्रश्न हल हाउसने तेव्हा फारसा लावून धरला नाही.

तो लावून धरणारी बाई शिकागोतच राहत होती. आयडा बी. वेल्स, १८६२ मध्ये मिसिसिपीत गुलामगिरीत जन्मलेल्या पत्रकार. जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याच्या घटनांची त्या आकडेवारी काढत होत्या. १९०१ मध्ये जेन यांनी या झुंडबळींचा निषेध करणारा लेख लिहिला, पण त्यात मारले गेलेल्यांनी बलात्कार केले असावेत हे वादापुरते मान्य करून टाकले. वेल्स यांनी काही महिन्यांतच उत्तर दिले, अत्यंत सभ्य आणि अत्यंत कडक. लेखाच्या हेतूचे कौतुक केले आणि मग आकडे मांडले. बहुसंख्य प्रकरणांत असा आरोपसुद्धा झालेला नव्हता. सहानुभूतीने लिहिणारा माणूसही ऐकीव गोष्ट खरी धरून चालतो तेव्हा काय होते, याचा हा धडा आहे.

तरीही वेल्स यांनी संबंध तोडला नाही. एका मोठ्या वृत्तपत्राने शाळांमध्ये गोरी आणि काळी मुले वेगळी बसवावीत अशी लेखमाला चालवली, तेव्हा वेल्स थेट जेन यांच्याकडे गेल्या. संपादक माझे ऐकणार नाही, तुमचे ऐकेल, हा त्यांचा हिशेब. जेन यांनी शहरातल्या वजनदार लोकांची बैठक हल हाउसमध्ये बोलावली, शिष्टमंडळ गेले, लेखमाला थांबली. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन करण्याचे आवाहन निघाले, त्यावर दोघींच्याही सह्या आहेत. पण १९१२ मध्ये रूझवेल्ट यांच्या नव्या पक्षाच्या अधिवेशनात दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना बसू दिले नाही, तेव्हा जेन यांनी विरोध केला आणि तरी पक्षात राहिल्या. पुढे शिकागोत दक्षिणेतून कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने आले, त्यांच्यासाठी हल हाउसची दारे इटालियन-ग्रीकांसाठी होती तितकी उघडली नाहीत. वेल्स यांनी १९१० मध्ये आपली वेगळी संस्था काढली होती, नव्याने शहरात आलेल्यांना झोपायला जागा, वाचायला खोली आणि काम शोधायला मदत देणारी. गोऱ्यांच्या वसतिगृहांत त्यांना जागा मिळत नव्हती.

उरलेले थोडक्यात सांगते. १८९९ मध्ये शिकागोत देशातले पहिले बालन्यायालय सुरू झाले, त्यात हल हाउसचा मोठा वाटा. १९०० मध्ये त्यांनी कष्टाचे संग्रहालय काढले. त्याची कल्पना रस्त्यावर टकळीने सूत काढत बसलेल्या एका इटालियन म्हातारीला पाहून सुचली. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुली आपल्या गावंढळ आयांची लाज बाळगत, त्यांच्याबरोबर एकाच दारातून आत येत नसत. त्याच आया संग्रहालयात सूतकताईचे प्रात्यक्षिक दाखवू लागल्या आणि लोक थांबून पाहू लागले. १९०२ मध्ये विषमज्वराची साथ आली. शहराच्या छत्तिसाव्या भागाइतकी लोकसंख्या असलेल्या या वॉर्डात शहरातले एक षष्ठांश मृत्यू झाले. हल हाउसच्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी गटारांची तपासणी केली, लाचखाऊ निरीक्षक उघडे पडले. रोग माश्यांनी पसरला असे हॅमिल्टन यांनी मांडले होते. पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत मैलापाणी शिरले होते आणि ते दडवले गेले, हे नंतर उघड झाले, आणि हॅमिल्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात ते मान्य केले.

पहिल्या महायुद्धात जेन युद्धाच्या विरोधात उभ्या राहिल्या. १९१५ मध्ये हेग इथल्या महिलांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. ज्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले होते त्यानेच देशद्रोही ठरवले. १९३१ मध्ये नोबेल मिळाले, अर्धे त्यांना, अर्धे निकोलस मरे बटलर यांना. बटलर म्हणजे बाबासाहेब शिकत असताना कोलंबिया विद्यापीठाचे जे अध्यक्ष होते तेच, आणि युद्धकाळात त्यांनी युद्धविरोधी प्राध्यापकांना काढून टाकले होते. २१ मे १९३५ रोजी शिकागोत जेन ॲडम्स यांचे निधन झाले. हल हाउसच्या अंगणात हजारो लोक आले. त्याच वर्षी निघालेले आपले पुस्तक ड्युईंनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केले.

१९६१ मध्ये महापौर रिचर्ड डेली यांनी विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी नेमकी हीच वस्ती निवडली. तोवर हल हाउसच्या तेरा इमारती झाल्या होत्या आणि शेजाऱ्यांनी स्वतःच्या वस्तीच्या सुधारणेचा आराखडा करण्यात बरीच वर्षे घातली होती. तो आराखडा बाजूला पडला. विरोधात उभी राहिली फ्लॉरेन्स स्काला, एका इटालियन शिंप्याची मुलगी, लहानपणापासून हल हाउसमध्ये येणारी. तिच्यामागे बायका मोठ्या संख्येने निघाल्या. त्या महापौरांच्या कचेरीत जाऊन बसल्या, न्यायालयात गेल्या. स्कालाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. हल हाउसच्या विश्वस्त मंडळाने मात्र वस्तीची साथ दिली नाही, जागा विकली. १९६३ मध्ये न्यायालयातली लढाई संपली आणि हजारो माणसे उठली. पुढच्या वर्षी स्काला नगरसेवकपदासाठी उभी राहिली आणि हरली.

तेरा इमारतींपैकी दोन ठेवल्या, हल यांचे मूळ घर आणि भोजनगृह. तिथे आता संग्रहालय आहे आणि चहूबाजूंनी विद्यापीठ. स्काला मात्र टेलर स्ट्रीटवरच राहिली. बऱ्याच वर्षांनी, जिथे वडिलांचे शिंप्याचे दुकान होते त्याच घरात, तिने खानावळ उघडली.